पश्चिमेच्या भिंतीपासून नऊ पावलं

१

आष्ट्यात हरणाबाईचं घर विचारलं तर लोक उलटं विचारतात, "कुठली हरणाबाई? खूनवाली?" आणि हसत हात करून दाखवतात. हरणाबाईला त्याचं काही वाटत नाही. एकोणीस वर्षांत बावीस कादंबऱ्या लिहिल्या, बावीस माणसं मारली, तर लोकांनी काय खीरवाली म्हणायचं?

बाई चौथी शिकलेली. जतकडच्या कोरड्या माळावरची, बाप जन्मभर मेंढरांमागं. शाळा सुटली ती सुटलीच, पण वाचायची खोड सुटली नाही. शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती उलटूनपालटून वाचायची. लग्न होऊन आष्ट्याला आली आणि एक दिवस शंभर पानी वहीत तिनं पहिला माणूस मारला. त्या माणसाला नवऱ्यासारख्या मिशा होत्या. नवऱ्यानं, बिरदेवानं, ते कुणाकडनं तरी वाचून घेतलं, वही चुलीत घातली, दोन दिवस घुम्यासारखा बसला आणि तिसऱ्या दिवशी गावाकडं गेला तो परत आला नाही. हरणाबाईनं कादंबरी पुन्हा पहिल्यापासून लिहिली. मिशा तेवढ्या आणखी जाड केल्या.

मग पोरगी एकटीनं वाढवली. नवव्या पुस्तकासारखाच खून कुठंतरी खराखुरा झाला, तेव्हा तिला चौकीत बोलावून सकाळपासनं संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. "तुला कसं ठावं?" एवढंच विचारत होते. एकदा सांगलीत सत्काराला बोलावलं. सूत्रसंचालन करणारा म्हणाला, "शिक्षण फक्त चौथी असूनही..." तिनं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, व्यासपीठ उतरली आणि आष्ट्याची एसटी धरली.

तिची लिहायची रीत मात्र कुणाला ठाऊक नव्हती. चालून बघितल्याशिवाय ती लिहीत नसे. दुसऱ्यांची घरं तिनं उंबऱ्यापर्यंतच बघितलेली. आतनं पावलानं मापलेलं घर एकच, तिचं स्वतःचं. म्हणून बावीसच्या बावीस खून तिच्याच मधल्या खोलीत झाले. पुस्तकात ती त्याला बंगला म्हणायची, हॉटेल म्हणायची, एकदा तर कलेक्टरची कचेरी म्हणाली. पण खोली तीच. पूर्वेला खिडकी, खिडकीखाली लोखंडी कॉट, समोर पश्चिमेची भिंत. मरणारा कॉटवर असायचा आणि मारणारा भिंतीतनं यायचा.

खऱ्या भिंतीत दार नव्हतं. भिंतीपलीकडं जरिनाचं घर, तिचं शिवणाचं मशीन. पण पहिल्या पुस्तकात खुन्याला आत यायला वाट पाहिजे होती, म्हणून हरणाबाईनं तिथं एक दार लिहिलं. ते दार मग बावीस पुस्तकांत राहिलं.

भिंतीपासून कॉटपर्यंत नऊ पावलं, चोरासारखी लहान लहान. पुस्तकाची प्रकरणंही नऊ. प्रकरण लिहायला घ्यायच्या आधी ती अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि चालायला लागायची. पहिल्या प्रकरणाला एक पाऊल, दुसऱ्याला दोन. तिथं थांबायचं, कॉटकडं बघायचं, माघारी फिरून लिहायला बसायचं. नवव्या प्रकरणाला कॉटशी. लहान प्रांजल शाळेतनं आली की दारातनंच ओरडायची, "आई, कितव्या पावलाव हाईस?"

"सातव्या. हिकडं येऊ नगं."

"बरं. मी जेवून घेती."

२

पुस्तकं खपेनाशी झाली. वाचनालयं बंद पडली, स्टँडवरच्या स्टॉलवर पुस्तकांच्या जागी चिप्सच्या माळा लागल्या. सांगलीचा जयराज तिची पुस्तकं छापायचा. त्यानं नवीनच काढलं.

"अक्का, आता लोक वाचत न्हाईत, ऐकत्यात. तुमी तुमच्याच आवाजात वाचायचं. मोबाइलव रेकॉर्ड करायचं आन मला पाठवायचं."

"माझा आवाज बैलाला हाकारल्यागत हाय."

"तेच पायजे. गोड आवाज लय झाले."

तेविसावी कादंबरी चालू होती. यावेळी मरणारी होती एक तरणी पोर, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. जयराजला कल्पना लय आवडली होती. चार प्रकरणं झाली होती, म्हणजे चार पावलं चालून झाली होती. एका दुपारी हरणाबाईनं दारं लावून घेतली, पंखा बंद केला, कॉटवर मांडी घातली आणि चौथं प्रकरण मोबाइलमध्ये वाचून काढलं. 

संध्याकाळी जयराजचा फोन. "अक्का, जमलं की! आन मागं पावलांचा आवाज टाकलाय त्यो तर लय भारी. अंगाव काटा आला. कुणाला चालायला लावलं?"

"कसली पावलं?"

"आवं शेवटाला. तुमी थांबताय न्हवं, तवा. चार पावलं. एक पडतंय, एक घासतंय."

हरणाबाईनं ते रेकॉर्डिंग लावलं, फोन कानाला चिकटवून ऐकलं. तिचा आवाज थांबला. मग फरशीवर अनवाणी पाऊल पडलं. मग एक घासलं. मग पडलं. मग घासलं. चार. त्यानंतर कुणीतरी उभं राहिल्यासारखी शांतता, आणि मग तिनंच बटण दाबल्याचा टिक.

ती वाचताना खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. मशीनचा आवाज असेल, जरिनाचं पायडल असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी जरिनाला विचारलं तर ती म्हणाली, "काल? काल मी मिरजेला नणंदेकडं हुते की, अक्का. मशीनला हात न्हाई लावला."

त्याच आठवड्यात कोरेगावहून प्रांजलचा फोन आला. तिला दिवस गेले होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती, दोनदा झालेलं टिकलं नव्हतं.

हरणाबाईनं वही मिटली, तांदळाच्या डब्याखाली सरकवली. तेविसावी तिथंच थांबली. जयराजला सांगितलं, "पोरीचं होऊ दे, मग बघू." तो कुरकुरला. तिनं फोन ठेवून दिला.

३

सातवा सरल्यावर जावई शिवतेज प्रांजलला घेऊन आला. सातव्याचं जेवण कोरेगावात थाटात झालं होतं, पहिलं बाळंतपण माहेरी. प्रांजलचे पाय सुजलेले, तोंडावर मात्र असं तेज की हरणाबाईनं आल्या आल्या तिची दृष्ट काढली.

"डॉक्टर म्हणालेत, जास्त हलायचं न्हाई," शिवतेज म्हणाला. "यावेळी जपायला पायजे, मामी."

"मला शिकवू नगा. जपायलाच आणलीया."

झोपायला जागा एकच होती. खिडकीखालची कॉट. चैत्राचं ऊन तापलेलं, वारा तेवढा तिथंच यायचा. हरणाबाईनं गादी घातली, वर धुतलेली चादर घातली, उशी ठेवली. प्रांजल आडवी झाली, तशी मागं सरून तिनं बघितलं. पोटुशी पोर खिडकीकडं तोंड करून, कुशीवर, भिंतीकडं पाठ. वहीतल्या चौथ्या प्रकरणात तिनं अक्षर न अक्षर तसंच लिहिलं होतं.

"तोंड हिकडं करून झोप की."

"डाव्या कुशीव झोपायला सांगितलंय गं. हिकडनंच जमतंय."

आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी हरणाबाई बाजारातनं मेथी घेऊन आली, तर जरिना आपल्या दारात उभी.

"अक्का, नवं पुस्तक घेतलंसा वाटतं?"

"न्हाई गं. का?"

"आत्ता दुपारी चालत हुता न्हवं तुमी? भिंतीपासनं. मी म्हणलं, पोरगी झोपलीया आन ह्यांचा खून चाललाय." जरिना हसली. मग हरणाबाईच्या हातातली पिशवी बघून हसायची थांबली. "आत्ताच आलासा व्हय?"

"किती पावलं?"

"आता मी काय मोजत बसले व्हय? पाच असत्याल. तुमचीच चाल हुती, अक्का. एक पडतंय, एक घासतंय. एकोणीस वर्सं ऐकतीया."

लहानपणी हरणाबाईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, तेव्हापासून डावा पाय घासायचा. स्वतःची चाल स्वतःला ऐकू येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये ऐकली, तरी ओळखली नव्हती.

आत जाऊन बघितलं तर प्रांजल गाढ झोपलेली, मानेवर घामाचे थेंब. हरणाबाईनं पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवला. चैत्राच्या उन्हात सगळ्या भिंती भट्टीसारख्या तापलेल्या. तेवढा एक उभा पट्टा गार होता. दाराएवढा.

४

हरणाबाई भुताखेतांना भ्यायची नाही. बापाबरोबर स्मशानाच्या कडेला मेंढरं बसवली होती तिनं. तिनं आपल्या डोक्यानं विचार केला. घूस असेल. पाण्याची पाइप असेल. जरिना बावळट आहे. जयराज चेष्टा करतो. मी मेथी आणायला गेले असं मला वाटतंय, पण पुस्तक अर्धवट राहिलं म्हणून मीच झोपेत चालत असेन, वय झालं. खुनी पकडायच्या आधी पुस्तकातला फौजदार जे करायचा तेच करायचं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, प्रांजल झोपली. हरणाबाईनं भिंतीपासून कॉटपर्यंत गव्हाचं पीठ चाळणीनं सारखं पसरलं. फरशी दिसेनाशी झाली. मग जरिनाला बोलावून आणलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर दोघी बसल्या. तिथनं कॉट दिसत होती, पीठ दिसत होतं, भिंत दिसत होती.

"माझ्याव नजर ठेव," हरणाबाई म्हणाली. "मी उठले तर हाताला धर."

"अक्का, काय झालंय तुमास्नी?"

"बघ म्हणलं तर बघायचं."

जरिनानं तिचं मनगटच धरून ठेवलं. बाहेर कुणीतरी बोअरची मोटर चालू केली, बंद केली. कॉटवर प्रांजलनं झोपेतच पोटावर हात ठेवला. भिंतीवरची पाल आढ्याकडं चढली आणि घाईनं दिसेनाशी झाली.

मग आवाज आला, कडी सरकल्याचा. लाकडी दाराची लोखंडी कडी असते, ती. त्या घरात तसली कडी कुठंच नव्हती.

मग पाऊल पडलं. जरिनाची नखं मनगटात रुतली. एक घासलं. पीठ तसंच्या तसं होतं, कण हलला नाही, आणि पावलं मात्र भिंतीपासून कॉटकडं येत होती. एक पडलं. एक घासलं. एक पडलं. एक घासलं. सहा झाली आणि खोलीच्या मधोमध थांबली. कॉटपासून तीन पावलांवर. जरिना काहीतरी पुटपुटत होती. प्रांजलनं झोपेत मान त्या बाजूला वळवली, तिथं कुणी उभं असल्यासारखी.

बराच वेळ काही झालं नाही. मग परत कडीचा आवाज आला, आणि मोटर चालू झाली.

"तुमी हितंच हुता," जरिना कुजबुजली. "मी धरून ठेवलं हुतं. हितंच हुता तुमी."

हरणाबाई उठायला लागली. जरिनाची नजर खाली गेली आणि तिनं मनगट सोडून दिलं, गरम तवा सोडावा तसं.

हरणाबाईनं पाय वर करून बघितलं. दोन्ही तळवे पांढरे झाले होते. पिठानं. बोटांच्या बेचक्यांपर्यंत.

५

संध्याकाळी तिनं वही डब्याखालनं काढली आणि परसात जाळली. चार प्रकरणांची राख काठीनं उधळली. पण तिला ठाऊक होतं, पावलं वहीत नव्हतीच. ती तिनं पायांना शिकवली होती. बावीस पुस्तकं, प्रत्येकाची नऊ प्रकरणं. एका वाटेवर एवढ्या वेळा चाललं तर मेंढरूसुद्धा डोळे झाकून जातं.

दार नव्हे, घर नव्हे, वही नव्हे. पोरीला धोका असला तर तो आईचाच होता. आणि हे पोरीला सांगायचं कसं? सांगितलं तर ती भ्यायली असती, आणि याआधीची दोन कशानं गेली ते डॉक्टरालाही नीट सांगता आलं नव्हतं.

सकाळी तिनं शिवतेजला फोन लावला. "गाडी घिऊन या. न्या हिला."

प्रांजल भाकरी खात होती. घास हातातच राहिला. "काय म्हणतीस?"

"माझ्यानं हुत न्हाई. माझं लिवायचं राहिलंय. जयराज मागं लागलाय."

"आई, पयलं बाळंतपण हाय माझं."

"तिकडं दवाखाने न्हाईत व्हय? सासू काय मेली?"

"लोक काय म्हणत्याल? सासू काय म्हणंल? पोरीला आठव्या म्हयन्यात हाकलून दिली आईनं?"

"म्हणू दे. मला काय कुणाची भीती हाय?"

प्रांजल रडली नाही. हरणाबाईचीच पोर ती. उठून पिशवी भरली, एक एक कपडा, घडी न करता. दुपारच्या आत शिवतेज आला. त्यानं सासूकडं असं बघितलं की ते विसरायला तिला जन्म पुरला नसता. गाडीत बसताना प्रांजल म्हणाली, "लहानपणी तू सातव्या पावलाव असलीस का मी गप जेवून घ्यायची. मला वाटायचं, खून झाला का आई माझ्याकडं यील. तुझा खून कवा संपलाच न्हाई बग."

गाडी गेली. हरणाबाईनं दार लावून घेतलं आणि मग, दाराला पाठ लावून, ओरडू नये म्हणून पदर तोंडात कोंबला.

६

पावलं थांबली. आठवडा गेला, दुसरा गेला, तिसराही. भिंत इतर भिंतींइतकीच तापायला लागली. जरिना येऊन हळूच कान लावायची आणि म्हणायची, "काय न्हाई, अक्का. सरलं." हरणाबाईनं जयराजला कळवून टाकलं, आता लिहिणार नाही, कधीच नाही. तो म्हणाला, तेविसावीचं चौथं प्रकरण लोकांनी लय ऐकलं. तिनं फोन ठेवला.

प्रांजल मात्र फोन उचलत नव्हती. शिवतेज उचलायचा, "बरी हाय" म्हणायचा आणि ठेवायचा. हरणाबाईला तेवढं पुरत होतं. शिव्या घाल, तोंड बघू नको, पण बरी राहा.

नववा लागला. एका दुपारी ती कॉटवर बसून बियाण्याच्या शेंगा फोडत होती. मोबाइल वाजला. प्रांजल.

"आई."

हरणाबाईनं हातातली शेंग पाटीत ठेवली.

"बोल की. का अजून राग हाय?"

"मला कशाचा राग गं. राग तुला पायजे."

"हुता. लय हुता." प्रांजल हसली. "पर आज हे आतनं लाथा मारतंय नुसतं. म्हणलं, आजीव गेलंय. भांडकुदळ. तवा फोन लावला. नव्या खोलीत ठेवलंय मला, वर बांधलीया न्हवं, ती. रंगाचा वास यितोय अजून."

"खातीस का नीट?"

"खाती. सासू उठू दीत न्हाई. तू यी की एकदा, आई. मी काय बोलणार न्हाई तुला. नुसती यी."

"यीन गं. तुझं होऊ दे, मग यीन."

"आत्ता..." प्रांजल थांबली. मग तिच्या आवाजात एकदम लहानपण आलं. "अगं! आलीस की तू!"

"काय?"

"फोनव बोलत बोलत आलीस व्हय? शिवतेजनं आणलं? मला चकवती व्हय? पावलं वळखती मी तुझी. एक पडतंय, एक घासतंय."

"प्रांजल, कुठनं वाजत्यात?"

"मागनं. मी खिडकीकडं तोंड करून बसलीया. थांब, मी मागं बघतच न्हाई. लहानपणीसारखं मोजती. चार झाली. पाच."

हरणाबाईनं खाली बघितलं. मांडीवर शेंगांची पाटी नव्हती. मांडीच नव्हती, ती उभी होती. पायाखाली गुळगुळीत, पांढरी, गार फरशी. नाकात ताज्या रंगाचा वास. समोर तिनं कधी न बघितलेली खिडकी, निळा पडदा, पडद्याखाली पलंग. पलंगावर पाठमोरी, पिवळा गाऊन, पाठीवर वेणी, कानाला मोबाइल.

"सहा," प्रांजल म्हणाली. ते फोनमध्येही ऐकू आलं आणि समोरूनही.

हरणाबाईचा उजवा पाय तिनं न सांगता उचलला गेला होता. तो तिला थांबवता आला नाही.

"सात!" प्रांजल हसली. "आता जेवून घिऊ का?"

डाव्या पायाची टाच सुटायला लागली. आठव्या प्रकरणाला खुन्याचा हात वर होतो, नेहमीच होतो. हरणाबाईचा एक हात फोनला होता. दुसऱ्या हातात काय आहे ते तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर ते खरं झालं असतं.

तिनं सगळं अंग खाली टाकलं. मेंढरू अडून बसतं तशी ती फरशीवर फतकल मारून बसली. बावीस पुस्तकांत तिनं खुन्याला कधी खाली बसवलं नव्हतं. पायांना ते ठाऊक नव्हतं. ते तडफडले, आणि थांबले.

"प्रांजल," ती फोनमध्ये म्हणाली, अगदी सावकाश. "मागं बघू नगंस. ऊठ. खिडकीशेजारच्या दारानं खाली सासूकडं जा."

"का गं? आवाज का असा येतोय?"

"आई सांगतीय. माझी आण हाय. ऊठ."

प्रांजल पलंगाचा कठडा धरून उठली. कमरेवर हात ठेवून, पाय फाकवत चालली. दाराशी तिची मान जरा वळायला लागली.

"बघू नगं म्हणलं ना!"

मान सरळ झाली. चपला जिना उतरत गेल्या, एक एक पायरी. खालनं सासूचा आवाज आला, "अगं, कशाला उतरलीस?" आणि प्रांजलचा, "आईनं सांगितलं." मग अंगणातलं ऊन, भांडी, माणसं.

पोर खाली गेली. दोन्ही जीव सुखरूप, तिच्या पायांच्या पल्ल्याबाहेर. हरणाबाईनं छातीतला श्वास सोडला. फोन बंद झाला होता. पलंगावरच्या चादरीचा खोलगट दाब हळूहळू सरळ होत होता. ती तशीच फरशीवर बसून राहिली, पलंगाकडं तोंड करून, भिंतीकडं पाठ.

मग तिच्या मागं, पदराला वारा लागावा इतक्या जवळ, एक पाय फरशीवर घासला.

ते आठवं होतं.